पेठेचा संघ आणि देशाचा संघ

आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्या वर्षीच्या पहिल्या गणेशोत्सवाची, वर्गणीची आणि मागून आणलेल्या सतरंज्यांची हकीकत ह्या स्मरणिकेच्या अन्य पानांवर अधिकारी व्यक्तींनी लिहिलेली असेलच. परंतु ज्या कोलकाता नगरीत आपण मराठी माणसे येऊन स्थिरावलो, त्या नगरीला १९७५ हे साल वेगळ्याच कारणाने स्मरते. त्या वर्षी ३० सप्टेंबरला आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५–० असा पराभव केला. त्याच हंगामात ईस्ट बंगालने कोलकाता लीगचे अजिंक्यपदही सलग सहाव्यांदा मिळवले होते. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या शील्डच्या पराभवानंतर स्वतःचा जीव घेतला. अर्धशतक लोटले तरी आजही पाच बोटे पसरून दाखवली की ह्या शहरात त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

प्रस्तुत लेखक मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. त्यामुळे बदली होऊन येथे आल्यावर इतर मराठी बांधवांना जे विलक्षण वाटले, ते मला फारसे विलक्षण वाटले नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही नावे ऐकतच आम्ही वाढलो. जेथे कुस्ती शिकवायची त्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत, आणि शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ व मंगळवार पेठ समोरासमोर आल्या म्हणजे पोलिसांनी जादा बंदोबस्त मागवावा, ही आमची रीत. येथे पेठेऐवजी ‘पाडा’ म्हणतात, तालमीऐवजी क्लबाचा तंबू असतो, आणि जिंकल्यावर कोणी हिलसा खातो तर कोणी कोळंबी. बाकी सारे तेच.

नोकरीत मी नवा होतो तेव्हा, १३ जुलै १९९७ रोजी, फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर झाला. सुमारे १ लाख ३१ हजार माणसे तेथे जमली होती. त्यांत एक मीही होतो. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी ह्यांच्यातील वाग्युद्धाने शहर आधीच पेटलेले होते. भाईचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४–१ असा विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीतील बडोबाबू, जन्माने आणि व्रताने मोहन बागानचे, सुटकी चेहऱ्याने येऊन बसले. काही महिन्यांनी मी त्यांना सहज विचारले, की भारताच्या संघाने त्याच वर्षी काठमांडूला सॅफ अजिंक्यपद मिळवले, त्याचे काय वाटते? ते म्हणाले, “अहो, ते तर शेजारच्या घरचे लग्न. आमंत्रण आले तर जाऊ.”

हे उत्तर मी विसरलो नाही. भारतीय फुटबॉलचा जो थोडाफार इतिहास मी पुढे वाचला, तो ह्या एका वाक्याचा उलगडा करण्यासाठीच वाचला असे म्हटले तरी चालेल. प्रश्न असा की, ज्या देशात एका क्लबसाठी लक्षावधी लोक जमतात, त्या देशाचा राष्ट्रीय संघ पोरका का राहावा? आणि ज्या काळी आपल्याकडे राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्हती त्या काळी आपण आशियात पहिले, आणि ती सुरू झाल्यावर मात्र मागे पडलो, हे कसे?

आरंभ इंग्रजी पलटणींपासून होतो. ड्युरँड चषक सिमल्यास १८८८ मध्ये सुरू झाला, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये, आय.एफ.ए. शील्ड १८९३ मध्ये आणि कोलकाता लीग १८९८ मध्ये. म्हणजे प्रत्येक शहराने आपापली स्पर्धा मांडली, आपापले प्रेक्षक जमवले, आणि त्या शहरांना जोडणारा धागा मात्र कोणी ओवला नाही. २९ जुलै १९११ रोजी शिवदास भादुरी ह्यांच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून शील्ड जिंकले. बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि समोरच्यांच्या पायांत बूट होते. त्या दिवशी एक क्लबच राष्ट्र झाला होता. माझ्या मते पुढील पुष्कळ गोष्टींचे बीज तेथेच आहे: राष्ट्राचा संघ अस्तित्वात येण्यापूर्वीच राष्ट्राभिमान क्लबाच्या झेंड्याखाली वावरू लागला, आणि तो तेथून पुढे फारसा हललाच नाही. १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने लीग जिंकली. तेव्हाही अभिमानाचे वाहन क्लबच होते. मुंबईत रोव्हर्स चषक प्रथम जिंकणारा भारतीय संघ मुंबईचा नव्हे, तर बंगलोर मुस्लिम्स हा होता, १९३७ मध्ये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघही त्याच वर्षी स्थापन झाला, आणि तोही बंगालची संघटना आणि इतर प्रांत ह्यांच्यातील भांडण मिटवण्याच्या खटपटीतून. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ह्याचे आश्चर्य वाटत नाही. भांडण मिटवण्यासाठी जन्मलेली संस्था पुढे बहुधा भांडणे सांभाळण्यातच रमते.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा प्रसंग १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा. तालिमेरेन आओ ह्या नागा कर्णधाराच्या नेतृत्वाखाली आपला संघ फ्रान्सशी १–२ असा हरला. दोन पेनल्टी फुकट गेल्या, तरी अनवाणी खेळणाऱ्या ह्या संघाचे तेथील प्रेक्षकांनी कौतुक केले. १९५० च्या विश्वचषकाची गोष्ट तर घरोघरी चुकीची सांगितली जाते. अनवाणी खेळू दिले नाही म्हणून भारत ब्राझीलला गेला नाही, अशी ती आख्यायिका आहे. वस्तुतः आपल्या गटातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला खेळल्यावाचून प्रवेश मिळाला होता. सरावास वेळ नाही, निवडीवर एकमत नाही अशी कारणे महासंघाने दिली, आणि त्यामागे ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व न उमगणे हेही होतेच. बुटांची कथा अधिक रंजक असल्याने ती टिकली. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे हरवल्यावर मात्र बूट सक्तीचे झाले.

ह्यानंतरच्या दशकाचे सारे श्रेय एका हैदराबादी शिक्षकाकडे जाते. सय्यद अब्दुल रहीम ह्यांचे नाव २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे नव्या पिढीपर्यंत पोहोचले, हे चांगले झाले. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तो त्यांच्याच हाताखाली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत मेवालालच्या गोलने इराणवर १–० अशी मात करून भारताने सुवर्णपदक मिळवले. शैलेन मन्ना कर्णधार होते. १९५६ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव झाला. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, आणि नेव्हिल आपला मुंबईचा, कूपरेजवर वाढलेला गोमंतकीय. ऑलिम्पिकमध्ये तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामन्यातही युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. पुढे सामना १–४ असा गेला, कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने जिंकला, आणि आपण चौथे आलो.

जाकार्ता १९६२ हे ह्या कथेचे शिखर. त्या वेळी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता, त्यावर भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी ह्यांनी आक्षेप घेतला, आणि तेथील जनता आपल्यावर खवळली. आपल्या वकिलातीवरही जमाव चालून गेला. पहिला सामना आपण दक्षिण कोरियाशी ०–२ असा हरलो. पुढे थायलंडला ४–१, जपानला २–० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे हरवले. थायलंडच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बसवून ठेवण्याऐवजी पुढील सामन्यांत आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर होता. लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते, आणि आपल्याला प्रोत्साहन देणारे मोजके लोक होते त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, असे आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग ह्यांच्या गोलांनी भारत २–१ असा जिंकला. चुनी गोस्वामी कर्णधार होते. मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा गोव्याचा फोर्टुनाटो फ्रँकोही त्या संघात होता. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले.

आता थोडे थांबून त्या संघाच्या घडणीकडे पाहू. हे खेळाडू आले कोठून? कोणी रेल्वेतून, कोणी पोलिसातून, कोणी गिरणीतून वा कारखान्यातून. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे. ह्याच ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये तिन्ही बड्या क्लबांना मागे सारून कोलकाता लीग जिंकली. (त्यानंतर बड्या तिघांच्या बाहेरच्या संघाला ती जिंकायला २०१९ साल उजाडले. तो संघ पियरलेसचा.) मुंबईत टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स आणि महिंद्र, बंगळूरला आय.टी.आय.; पंजाबात जे.सी.टी. नोकरी हाच खेळाडूचा आधार होता. पगार वेळेवर, निवृत्तिवेतन निश्चित, आणि सामन्यासाठी खास रजा. आज ह्या व्यवस्थेची थट्टा होते, पण तिने आशियाई सुवर्णपदके दिली हे विसरता येत नाही.

गंमत अशी की, जपानचीही व्यवस्था नेमकी हीच होती. तेथेही कंपन्यांचे संघ होते, तेथेही खेळाडू कामगार होते. जाकार्तात ज्या जपानला आपण दोन गोलांनी हरवले, त्या जपानने डेटमार क्रॅमर ह्या जर्मन प्रशिक्षकाचा सल्ला मानून १९६५ मध्ये आठ कंपन्यांच्या संघांना एका राष्ट्रीय साखळीत गुंफले. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, मेक्सिको ऑलिम्पिकचे कांस्यपदक त्यांच्या गळ्यात होते. दक्षिण कोरियाने १९८३ मध्ये व्यावसायिक साखळी उभारली. आणि आपण? आपली राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ च्या हंगामात सुरू झाली. जपाननंतर एकतीस वर्षांनी!

हा विलंब पैशांच्या अभावी झाला असे मला वाटत नाही. तो झाला, कारण त्याची गरज कोणालाच भासली नाही. कोलकात्याचे मैदान भरलेले होते, कूपरेज भरलेले होते, संतोष चषकाला प्रांतांचा अभिमान होता. कोलकात्याच्या क्लबाला आपल्या शहराची लीग जिंकली की कृतकृत्यता वाटे. मग मद्रासला किंवा मडगावला जाऊन खेळण्याची यातायात त्याने का करावी? समर्थकाला तर प्रतिस्पर्धी दुसऱ्या शहरातला नकोच होता. तो त्याच ट्राममध्ये, त्याच कचेरीत, कधी त्याच घरात हवा होता. आमच्या शिवाजी पेठेतल्या माणसाला पुण्याचा संघ हरवण्यात काय मौज? मंगळवार पेठ हरली पाहिजे! ज्या निष्ठेने भारतीय फुटबॉल जिवंत ठेवला, तिनेच त्याला वाढू दिले नाही, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते. आणि हे म्हणताना त्या निष्ठावंतांत मीही आलो.

१९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, ते आशियाई खेळांतील आपले आजवरचे अखेरचे फुटबॉल पदक. पुढील दशकात मैदाने मात्र ओसंडत होती. १९७७ मध्ये पेले ईडन गार्डन्सवर येऊन मोहन बागानविरुद्ध खेळून गेला. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. १६ ऑगस्ट १९८० रोजी त्याच ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळून १६ जण मृत्यू पावले. देशाचा संघ खेळत असताना इतकी गर्दी झाली, असे त्या काळात क्वचितच घडले असेल.

राष्ट्रीय लीग आली तेव्हा पहिले अजिंक्यपद फगवाड्याच्या जे.सी.टी.ने मिळवले. १९९८–९९ मध्ये गोव्याच्या साळगावकरने, २००५–०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने ती जिंकली. २००७ मध्ये तिचे नाव आय-लीग झाले. परंतु दूरचे सामने, रिकामी आसने आणि वाढता खर्च ह्यांनी कंपन्या थकल्या. महिंद्रने २०१० मध्ये आणि जे.सी.टी.ने २०११ मध्ये संघ मोडले. रोव्हर्स चषक तर त्याआधीच इतिहासजमा झाला होता. कूपरेजवर शनिवारी दुपारी जाणाऱ्या मुंबईकरांची एक पिढी त्याच्याबरोबर संपली, आणि त्याबद्दल कोणी शोकसभाही घेतली नाही.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने एका खासगी कंपनीशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला, आणि त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मास आली. पहिल्या हंगामात सरासरी चोवीस हजारांच्या घरात प्रेक्षक आले, हे यश नाकारण्यासारखे नाही. मैदाने सुधारली, दूरचित्रवाणीवरील चित्रण सुधारले, खेळाडूंचे उत्पन्न वाढले. पण आरंभीच्या नियमानुसार एका वेळी सहापर्यंत परदेशी खेळाडू मैदानावर उतरू शकत, आणि साहजिकच गोल करण्याची जागा त्यांच्याकडे गेली. बहुतेक संघ नव्याने घडवलेले होते. पुण्याचा संघ पाच वर्षांत बंद पडून हैदराबादला गेला. ज्या समर्थकांनी त्याचे रंग अंगावर चढवले होते, त्यांना कोणी विचारलेही नाही. २०२० मध्ये मोहन बागानचे नाव एका नव्या संघाच्या नावाला जोडले गेले तेव्हा मात्र समर्थकांनी तीन वर्षे आंदोलन केले, आणि २०२३ मध्ये ते जोडनाव काढायला लावले. पेठ विकत घेता येत नाही, हे त्या निमित्ताने मालकांना कळले असावे.

ह्या सर्व काळात देशाच्या संघाची नाडी वर-खाली होत होती. फिफाच्या क्रमवारीत फेब्रुवारी १९९६ मध्ये आपण ९४ वे होतो, मार्च २०१५ मध्ये १७३ वे, आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा ९९ वे. जून २०१८ मध्ये मुंबईच्या अंधेरी येथील मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला. सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहायला अधिकृत नोंदीप्रमाणे २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना आर्जव केले, की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. ज्या शहरात नेव्हिल डिसूझा वाढला त्या शहरात भारताच्या कर्णधाराला हात जोडावे लागले, हे वाचून मला लाज वाटली. आणि मग आठवले की, मी स्वतः तोवर देशाच्या संघाचा एकही सामना तिकीट काढून पाहिलेला नव्हता.

ती चूक मी ६ जून २०२४ रोजी सुधारली. कुवेतविरुद्धचा छेत्रीचा निरोपाचा सामना सॉल्ट लेकवर होता. माझ्या एका बाजूला हिरवा-मरून मफलर होता, दुसऱ्या बाजूला लाल-पिवळा, आणि दोघेही एकाच माणसासाठी उभे होते. सामना गोलशून्य राहिला. ९४ गोल नावावर असलेला तो खेळाडू रडत बाहेर गेला. पुढे मार्च २०२५ मध्ये त्याला चाळिशीत परत बोलवावे लागले, कारण अकरा वर्षांच्या सुपर लीगमधून त्याची जागा घेणारा कोणी निघाला नव्हता.

आशेच्या गोष्टी नाहीत असे नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला हा मुलगा देशाकडून विश्वचषकात उतरला, तेव्हा आमच्या दोन्ही पेठांनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्या, असे धाकट्या भावाने दूरध्वनीवर सांगितले. मला ते अर्धेच खरे वाटले, पण ऐकून बरे वाटले. जुलै २०२५ मध्ये महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २–१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्याच जुलैत कराराच्या नूतनीकरणाचा घोळ होऊन सुपर लीगचा हंगाम स्थगित झाल्याची घोषणा झाली. पुरुष संघाची धुरा खालिद जमील ह्यांच्याकडे आली. मुंबईच्या महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा गृहस्थ. २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान गावाच्या संघाला त्यांनी आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला भारत सिंगापूरकडून १–२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीबाहेरच्या चहावाल्याकडे मी तो विषय काढला. दोघांनी माना हलवल्या, एकाने कप खाली ठेवला. चौथा म्हणाला, ते राहू दे दादा, शनिवारचे तिकीट मिळाले का? शनिवारी, १८ तारखेला, सॉल्ट लेकवर आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना होता. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. तेच शील्ड, १९११ चे आणि १९७५ चे. निकाल पेनल्टींवर लागला आणि मोहन बागान जिंकले. बडोबाबू निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्या रात्री साडेदहाला त्यांचा दूरध्वनी आला. कोळंबी आणली आहे, म्हणाले, उद्या दुपारी सहकुटुंब या.